मनकर्णाबाईची वेणी आणि कापसाचा भाव

ज्या वर्षी सावरखुट्याच्या नत्थुजीनं गोठ्यात घड्याळ टांगलं, त्याच वर्षी त्याच्या बायकोचे, मनकर्णाबाईचे केस गळायला लागले.

घड्याळाचं आधी सांगून टाकू. तेव्हा दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला की लोक झोपेतून उठून बोंडं चाचपून पाहायचे. तेल्हाऱ्यापासून अर्ध्या दिवसाच्या गाडीवाटेवर असलेल्या सावरखुट्यातही पैसा आला. पैसा आला, पण त्याचं करायचं काय हे शिकवणारं कोणी त्याच्याबरोबर आलं नाही. एकानं तीन छत्र्या आणल्या आणि तिन्ही घरातच उघडून ठेवल्या. नत्थुजीनं अकोल्याहून टोले देणारं घड्याळ आणलं. घरात कोणालाच ते वाचता येईना, तेव्हा बैलांना तरी वेळेवर वैरण मिळावी म्हणून त्यानं ते गोठ्यात लावलं. घड्याळ दुपारी नऊ टोले द्यायचं. हौश्या नावाचा थोरला बैल प्रत्येक टोल्याला मान वर करायचा आणि नवव्या टोल्यानंतर निराश होऊन पुन्हा खाली घालायचा.

आता केसांचं. मनकर्णाबाईची वेणी गुडघ्याला लागायची. पण गावाला त्या वेणीचं कौतुक होतं ते निराळ्या कारणानं.

कापूस वेचायला सुरुवात करण्याआधी वऱ्हाडात सीतादही करतात. घरच्या बाया शेताच्या कोपऱ्यात सात खडे मांडतात, शेंदूर लावतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. मग एक बाई पहिलं बोंड हातात घेते आणि त्यातला कापूस बोटांनी हलके हलके ओढत त्याचा न तुटणारा धागा काढते. तो धागा ती पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, गुंडाळते. धागा जितका लांब, तितकं पीक जोरात. सावरखुट्यात हा पहिला धागा काढायचा मान नत्थुजीच्या घरचा होता. मनकर्णाबाई सासूकडून तो शिकली होती. अकरा वर्षांत तिचा धागा एकदाही हातभराच्या आत तुटला नव्हता. वर्षभर भाकरी थापणारी, शेण काढणारी ती बाई, त्या एका सकाळी मात्र सगळं गाव श्वास रोखून तिच्या बोटांकडे बघायचं. तिला ती सकाळ फार प्रिय होती.

पण गावानं बोटांकडे नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी न्हाऊन केस मोकळे सोडायची रीत होती. त्यामुळे गावाची पक्की समजूत झाली, की बाईचे केस लांब म्हणून धागा लांब.

त्यात भाव चढले. अकोल्याचा दलाल भगवंतराव दरवर्षी धागा पाहून सौदा करायचा. आता त्याला कार्तिकापर्यंत थांबवेना. तो आषाढातच घोड्यावर बसून यायला लागला. म्हणायचा, "कापूस अजून झाडावर नाही, पण केस तर डोस्क्यावर हायेत ना! ते दाखवा." मग मनकर्णाबाई ओसरीवर पाठ करून बसायची, भगवंतराव गज लावून वेणी मोजायचा आणि अमरावतीच्या व्यापाऱ्याला चिठ्ठी धाडायचा, 'सावरखुटा, वेणी दीड गज, माल धरा.' अमरावतीच्या बाजारात माणसं ही चिठ्ठी वाचून माना डोलवत. कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि त्या वर्षी चैत्रात मनकर्णाबाईला ताप आला. एकवीस दिवस उतरला नाही. उतरला तेव्हा ती काडीसारखी झाली होती, पण केस जागच्या जागी होते. सगळ्यांना हायसं वाटलं. आषाढ लागला आणि एके सकाळी फणीत मूठभर केस आले. दुसऱ्या दिवशी दोन मुठी. न्हाताना मोरीत, भाकरीच्या पिठात, उशाशी, सगळीकडे केस. वेणी आधी दोरखंडासारखी होती, ती सुतळीसारखी झाली, मग उंदराच्या शेपटीसारखी. डोक्यावर मधून मधून चामडी दिसायला लागली. मनकर्णाबाई पदर घट्ट ओढून घ्यायची. गळलेले केस तिनं एका गाडग्यात साठवले होते. ते का, हे तिलाही सांगता आलं नसतं; नत्थुजीला तर ते ठाऊकही नव्हतं.

भगवंतराव मोजायला आला तेव्हा नत्थुजी दारातच आडवा आला. "बाई माहेरी गेली," तो म्हणाला.

"मंग चुलीपाशी कोण खोकून राहिलं?"

"ते घड्याळ हाये."

भगवंतरावानं मान डोलावली. पण तो तिथून निघाला तो थेट महादेवराव पाटलाच्या चावडीवर गेला.

संध्याकाळी चावडीवर गाव जमलं. गावात सगळे शेतकरी. त्यांना जमिनीपलीकडचं काही ठाऊक नव्हतं, पण जमिनीतलं सगळं ठाऊक होतं. त्यामुळे मनकर्णाबाईच्या डोक्याचा विचारही त्यांनी त्याच अंगानं केला.

एक म्हातारा म्हणाला, "आपला हा खारपाण पट्टा. इथं हिरीचं पाणी खारं. खाऱ्या पाण्यावर केस टिकतीन कसे?"

दुसरा म्हणाला, "वरच्यावर तेच पीक घेतलं की जमीन थकते. यंदा पेर बदलाव लागते. जवारी घ्या."

"डोक्यावर?"

"मी आपलं एक सांगून राहिलो."

महादेवराव पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "नत्थुजी, सीतादहीच्या सकाळपोतर केस आले तर बरंच हाये. नाही आले, तर पहिला धागा आमच्या घरी. आमच्या सुनेची, सुभद्रेची, वेणी कमरेले लागते. आणि आयक, हा मान एक डाव ज्या घरी गेला तो गेला. मंग मागाले येजो नोको."

भिंतीआड उभ्या असलेल्या मनकर्णाबाईनं हे ऐकलं. केस गेल्याचं तिला दुःख होतंच, पण ते पदराखाली झाकता येत होतं. ती सकाळ गेली असती तर ती कशाखाली झाकणार?

दुसऱ्या दिवसापासून नत्थुजीनं मशागत सुरू केली. हाच शब्द तो वापरायचा. बांबूच्या कामट्यांची दातेरी फणी करून त्यानं बायकोच्या डोक्याची डवरणी केली, पिकाच्या ओळींतलं तण खुरडतात तशी. जे चार केस तग धरून होते, त्यातले दोन त्या डवरणीत गेले. मग पसाभर निंबाचा पाला वाटून थापला. मग कांद्याचा रस. त्यानं घरातले सगळे रडले, केस मात्र आले नाहीत. खताशिवाय काही उगवत नाही म्हणून त्यानं धनगराला गाठलं. धनगराच्या मेंढ्या रानात बसवल्या की त्यांच्या लेंड्यांनी जमीन सुपीक होते, हे कोणीही सांगेल. नत्थुजीनं साठ मेंढ्या आपल्या अंगणात बसवल्या आणि मधोमध मनकर्णाबाईची बाज टाकली.

"आवो, हे काय चालवलं?" मनकर्णाबाई म्हणाली. एक मेंढी तिच्या पदराचं टोक चघळत होती.

"दोन दिस कळ काढ. रानाले तीन दिस लागतात. तुहं डोस्कं लहान हाये."

ह्याच वेळी पार्बताबाई माळीण दारात आली. ती गावोगाव भाजी आणि फुलं विकायची. टोपली डोक्यावर ठेवून ती मेंढ्यांच्या कळपाकडे बराच वेळ बघत राहिली.

"मनकर्णे, तू मेंढ्या इकत घेतल्या का मेंढ्यायनं तुले?"

मनकर्णाबाईला त्या महिन्यात पहिल्यांदा हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तिनं पदर मागे सारून डोकं दाखवलं. पार्बताबाईनं टोपली उतरवली, मेंढ्या बाजूला ढकलल्या आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं. गावोगावच्या बायांच्या अंबाड्यात फुलं खोवता खोवता तिनं जितकी डोकी पाहिली होती, तितकी कुठल्या वैद्यानं पाहिली नसतील.

"ताप कवा आलता?"

"चैतात."

"आन् केस गयाले लागले आखाडात. बरोबर हाये. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यानं असंच होते. माह्या सुनेले बायंतपणानंतर झालं. आपलं आपण थांबते आन् आपलं आपण येते. हे पाह्य." तिनं मनकर्णाबाईचं बोट धरून कानामागे नेलं. तिथे काहीतरी बारीक, मऊ खुरखुरत होतं. "हे काय हाये? नवे कोंब फुटून राहिले. आता याले खरवडू नोको. तियाच्या तेलात माका कढव, हलक्या हातानं लाव. मोकये ठेव, घट्ट बांधू नोको. दूध पी, दाय खा, पालेभाजी खा, जराशी झोप घे. आन् हा वखरवाला बुवा डोस्क्यापासून लांब ठेव."

"किती दिस?"

"केसात फूल टिकाले वरीस लागन."

"आन् सीतादही तर चार महिन्यावर."

"केसाले कोनं सांगितलं सीतादही कवा हाये ते?" पार्बताबाई म्हणाली, आणि मेथीची एक जुडी तिच्या मांडीवर टाकून निघून गेली. पैसेही घेतले नाहीत.

तिथेच सगळं बिघडलं. नत्थुजीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "फुकटचं औषध लागू पडत नसते. आता भावच असे हायेत." पण मनकर्णाबाईनं मेंढ्या परत धाडल्या, कामट्यांची फणी चुलीत घातली आणि माक्याचं तेल कढवलं. रोज न्हाणीघरात ती कानामागे बोट फिरवून पाहायची. श्रावणात तिथे मखमल होती. भादव्यात मूग. नवरात्रात घट बसले तेव्हा घटातलं धान्यही उगवलं आणि तिच्या डोक्यावरचंही. पण दिवाळीपर्यंत ते सगळं मिळून बोटाच्या दोन पेरांएवढं झालं, त्याहून जास्त नाही. मधे जुन्या केसांची ती उंदराची शेपटी तेवढी लोंबत होती.

इकडे भगवंतरावाचा निरोप आला, की सीतादहीला तो स्वतः येतो आहे आणि बरोबर अमरावतीचा व्यापारीही आहे. दोघांनाही वेणी डोळ्यांनी पाहायची आहे.

नत्थुजी दोन दिवस गोठ्यात बसून राहिला. तिसऱ्या दिवशी बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात वेणी होती. काळी, जाड, चांगली चार हात लांब. कापसाचीच. हिरड्याच्या पाण्यात हिराकस घालून काळी केलेली, वर तिळाच्या तेलाचा हात दिलेला.

मनकर्णाबाईनं ती हातात घेतली आणि तिचा हात खाली गेला. "इतकी जड काहून हाये वो?"

नत्थुजीनं आजूबाजूला पाहिलं. "सरकी काढली नाही."

सरकी म्हणजे कापसातलं बी. रेच्यावर, म्हणजे दोन लाटांच्या त्या लाकडी यंत्रावर, कापूस घातला की रुई एका बाजूला पडते आणि सरकी दुसऱ्या बाजूला. पण भाव चढल्यापासून लोकांना एक खोड लागली होती. रुईत थोडी सरकी राहू द्यायची म्हणजे वजन भरतं. सगळेच करायचे. नत्थुजीच्या हातांना ती सवय इतकी जडली होती, की बायकोची वेणी करतानाही त्यानं सरकी राहू दिली.

"ही मी इकाले नेऊ का डोस्क्यावर घालू?"

"वजनाबिगर माल खरा वाटत नाही," नत्थुजी म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "घाल ना वं. पाटलाच्या घरी मान गेला तर मले गावात फिरता येनार नाही."

मनकर्णाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. हिरड्यानं त्याची दहाही बोटं काळी झाली होती आणि तो ती धोतराला पुसत होता. खोटी वेणी लावणं तिला पटत नव्हतं. पण ती सकाळही हवी होती. तिनं वेणी उंदराच्या शेपटीला गाठ मारून बांधली आणि वर पदर घेतला. केस मोकळे सोडायची रीत होती, पण आजारी बाईला वेणी चालते, असं नत्थुजीनं गावात आधीच पसरवून ठेवलं होतं.

सीतादहीच्या सकाळी सगळं गाव शेतात लोटलं. बोंडं फुटून रान पांढरं झालं होतं. भगवंतराव आला होता. अमरावतीचा व्यापारी आला होता, त्याच्या डोक्यावर एवढी मोठी पगडी होती की खाली माणूस आहे हे बोलल्यावरच कळत होतं. सुभद्रा नवी साडी नेसून, कमरेपर्यंत केस मोकळे सोडून पाटलाच्या मागे उभी होती आणि हात चोळत होती. मनकर्णाबाई गाडीतून उतरली, पदर मागे सारला, आणि चार हात काळी वेणी पाठीवरून खाली सुटली.

"बाप्पा!" कोणीतरी म्हणालं.

भगवंतरावानं पुढे होऊन गज लावला. "दोन गज!" तो ओरडला. "आजारपणात अर्धा गज वाढली!" पगडीखालून आवाज आला, "वजन?" भगवंतरावानं वेणी हातात तोलली आणि त्याचे डोळे मोठे झाले. "वजनपन हाये!" नत्थुजीनं छाती पुढे काढली.

मनकर्णाबाई सात खड्यांपुढे बसली. वेणी तिच्या मागे जमिनीवर पसरली होती. तिच्या मागेच गाडी होती आणि गाडीला हौश्या.

आता बैलाला सरकीसारखं प्रिय जगात काही नाही. त्यात तिळाच्या तेलाचा वास. शिवाय हौश्याला त्या घड्याळानं गेले कित्येक महिने फसवलं होतं. त्यानं मान खाली घातली, एकदा हुंगलं आणि वेणीचं टोक तोंडात घेतलं.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मनकर्णाबाई दहीभात वाहत होती. मग सुभद्रेनं तोंडाला पदर लावला. मग एक पोरगी ओरडली, "बैल काकीले खाऊन राहिला!" हौश्या काही घाई करत नव्हता. तो डोळे मिटून, कडकड सरकी फोडत, वीतवीत पुढे सरकत होता. नत्थुजी पुढे धावला, त्यानं बैलाचं शेपूट ओढलं. व्यापाऱ्यानं पगडी सावरत विचारलं, "ये क्या चल रहा है?" आणि भगवंतराव, ज्याचं आयुष्य मोजण्यात गेलं होतं, तो ओरडत होता, "दीड गज! सवा गज! एक गज!"

मनकर्णाबाईला मानेवर उष्ण श्वास लागला. ती वळली. हौश्याचं तोंड तिच्या तोंडापासून एका वितीवर होतं. त्याच्या डोळ्यांत इतकं समाधान होतं, की तिला राग येईना. उरलेल्या वेणीची गाठ तिनं स्वतःच सोडली आणि म्हणाली, "घे बाबा. तू तरी खाय."

मग ती उभी राहिली. डोक्यावर दोन पेरं काळे केस, साळिंदरासारखे उभे, मधे ती बारीक शेपटी. सगळ्या गावासमोर. ती अशी उभी राहू शकेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण वारा डोक्याला लागत होता आणि बरं वाटत होतं.

पाटील खाकरला. "बैल म्हणाला ते बरोबर हाये," तो म्हणाला. बैल काही म्हणाला नव्हता, पण पाटलाला कोण टोकणार? "सुभद्रे, हो म्होरं."

सुभद्रा पुढे झाली. तिनं बोंड तोडलं, कापूस ओढला. धागा वीतभर आला आणि तुटला. दुसरं बोंड घेतलं. चार बोटांवर तुटला. तिसऱ्याचा तर धरताच तुटला आणि कमरेपर्यंतचे केस काही मदत करत नव्हते.

"ओढ ना जोरानं!" पाटील म्हणाला.

"जोरानंच तुटून राहिला," सुभद्रा म्हणाली. तिनं बोंड मनकर्णाबाईपुढे धरलं. "मनकर्णाबाई, घ्या व माय. हे माह्यानं होत नाही. मी घरीच सांगितलं होतं, पन तिथं कोनी आयकते काय?"

मनकर्णाबाईनं बोंड घेतलं. बोटं दह्यानं माखली होती, ती तिनं कोरडी केली. मग अंगठ्यानं आणि तर्जनीनं कापूस ओढायला सुरुवात केली. सासूनं शिकवलं होतं तसं. ओढायचं नाही, येऊ द्यायचं. धागा वीतभर झाला, हातभर झाला. सगळ्या माना पुढे झाल्या. फक्त हौश्या चघळत होता. धागा दोन हात झाला, अडीच हात, आणि शेवटचा तंतू बोंडातून सुटला तरी तुटला नाही. तिनं तो पऱ्हाटीला गुंडाळला आणि गुंडाळताना मोजला नाही.

भगवंतरावानं गज खाली ठेवला. तो शहाणा माणूस होता, म्हणजे डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीतून नेमका चुकीचा धडा घेणारा. त्यानं तिथेच बसून चिठ्ठी लिहिली, 'सावरखुटा. वेणी बैलानं खाल्ली. धागा अडीच हात. माल धरा.'

पीक जोरात आलं. मनकर्णाबाईच्या घरचा मान घरीच राहिला. पण पुढच्या कार्तिकात तेल्हाऱ्यापासून अकोल्यापर्यंत गावोगाव बायांनी सरकी घातलेल्या वेण्या करून बैलांना चारल्या. एका गावात बैल वेणी खाईना, तेव्हा त्यांनी बैलच बदलला.

आणि नेमका त्याच वर्षी भाव कोसळला. अमेरिकेतली लढाई थांबली होती. सावरखुट्यात हे कोणाला पटलं नाही. इतक्या लांबच्या भांडणानं आपल्या कापसाला काय होणार? कारण इथेच कुठेतरी असलं पाहिजे.

भगवंतराव चालत आला. घोडा विकला होता. मनकर्णाबाई ओसरीवर बसली होती आणि पार्बताबाई तिच्या डोक्यात शेवंतीचं फूल खोवत होती. केस आता मानेच्या खाली आले होते, दाट, काळे. फूल एकदा घसरलं. पार्बताबाईनं पुन्हा खोवलं. ते टिकलं.

भगवंतरावानं केस पाहिले आणि कपाळावर हात मारला. "तरीच! केस वाढले आन् भाव पडला! बाई, हात जोडतो, पुन्हा दोन पेरं करता काय?"

पार्बताबाई तोंडात पदर कोंबून हसायला लागली. मनकर्णाबाईनं फुलाला हात लावून पाहिला.

"मले काय इचारता, भगवंतराव?" ती म्हणाली. "मांगच्या खेपेले हौश्यानं ठरवलं होतं. त्यालेच इचारा ना."

भगवंतरावाला ते पटलं. मग त्यानं जोडे काढले, उपरणं नीट केलं आणि खरोखरच गोठ्यात गेला. आत घड्याळानं दुपारचे नऊ टोले दिले. हौश्यानं मान वर केली, दलालाच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.